कुंकू कोणी पुसायचे

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या प्रशिक्षण संस्थेचे चार आसनी विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच परत उतरवावे लागले. विमानात दोघे होते, मुख्य प्रशिक्षक आणि एक विद्यार्थिनी. कोणाला इजा झाली नाही, विमानाचेही नुकसान झाले नाही. विमान वर चढत होते तरी उंची दाखवणारा काटा जमिनीवर होता तिथेच थांबून राहिला होता. प्रशिक्षकांनी आतली पर्यायी झडप उघडली, काटा हलू लागला आणि ते वळसा घेऊन उतरले. कारण शोधायला वेळ लागला नाही. विमानाच्या डाव्या अंगाला, दाराच्या पुढे, बाहेरच्या हवेचा दाब आत घेणारे एक बारीक भोक असते. ते कुंकवाने बुजले होते.

संस्था लहान होती. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीजवळ एक धावपट्टी, विमाने ठेवायचा एक हँगर आणि हँगरला लागून पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची ओळ. तिन्ही बाजूंना ऊस. प्रत्येक खोलीच्या दारावर विभागाची पाटी होती : उड्डाण प्रशिक्षण, इंजिनिअरिंग, ऑपरेशन्स, स्टोअर, सेफ्टी, क्वालिटी, अ‍ॅडमिन, दस्तऐवज. पाट्या जास्त आणि माणसे कमी होती. दस्तऐवज विभागात मी एकटा होतो. त्याआधी मी साताऱ्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. तिथली आवृत्ती बंद झाल्यावर ओळखीतून ही नोकरी मिळाली. काम संस्थेच्या पुस्तिका लिहिण्याचे आणि अद्ययावत ठेवण्याचे होते. पुस्तिका इंग्रजीत असत, त्यांवरची भांडणे मराठीत होत.

त्या पुस्तिकांमध्ये एक प्रकरण विभागांच्या जबाबदाऱ्यांचे होते. विमान वाहतुकीत हे प्रकरण सर्वांत महत्त्वाचे मानतात. इंजिनिअरिंगने विमान रोज तपासायचे आणि उडण्यास योग्य असल्याची सही करायची. ऑपरेशन्सने कोण, कधी, कुठे उडणार ते ठरवायचे. उड्डाण विभागाने शिकवायचे, आणि उडण्याआधी विमानाभोवती फिरून ते पाहायचे. स्टोअरने सुटे भाग सांभाळायचे. सेफ्टीने काय बिघडू शकते ते आधी शोधायचे आणि बिघडले तर का ते सांगायचे. क्वालिटीने बाकी सगळे आपापले काम करतात का ते बघायचे. प्रत्येक कामापुढे एक पद लिहिलेले असते. माणसाचे नाव लिहीत नाहीत, कारण माणूस सोडून जातो आणि पद राहते.

सेफ्टी आणि क्वालिटी या दोन खोल्या होत्या, पण त्यांत बसणाऱ्या मॅडम एकच होत्या. त्या पुण्याहून सोमवारी आणि गुरुवारी येत. सेफ्टीला क्वालिटीकडून काही हवे असेल तर त्या या खोलीतून त्या खोलीला पत्र लिहीत.

"सोमवारी पत्र लिहित्यात आन् गुरुवारी स्वतःच उत्तर देत्यात," असे इंजिनिअर म्हणत. "मधी दोन दिवस इचार करत्यात."

हे इंजिनिअर मूळचे मेढ्याचे. विमान योग्य असल्याची सही करण्याचा परवाना संस्थेत फक्त त्यांच्याकडे होता. मुख्य प्रशिक्षक सातारा तालुक्यातले, लष्करातून निवृत्त झालेले वैमानिक. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत.

विद्यार्थिनी कुंडलची होती. जैन कुटुंब, वडिलांचे सांगलीत हळदीच्या अडतीचे दुकान. ती रोज एसटीने येई. रात्रीचे उड्डाण असेल त्या दिवशी सूर्य मावळण्याआधी ऑपरेशन्सच्या बाकावर बसून डबा संपवी, कारण मावळल्यावर ती खात नसे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणारे बहुतेक तास तिचे झाले होते. राहिले होते ते एकटीने करायचे एक लांब पल्ल्याचे उड्डाण, रात्रीचे थोडे तास आणि शेवटची चाचणी. लेखी परीक्षा ती केव्हाच पास झाली होती. त्या निकालाला मुदत असते. तिची मुदत फेब्रुवारीअखेर संपत होती. तोवर परवान्याचा अर्ज गेला नाही तर सगळे पेपर पुन्हा द्यावे लागणार होते, आणि पेपर होईपर्यंत आधीचे तासही जुने होत जाणार होते. घरी ठरलेले होते की हे वर्ष शेवटचे. तिने स्वतःच तसे ठरवले होते. धाकट्या भावाचे शिक्षण थांबलेले होते.

संस्थेची विमाने तीन होती. एकाचे इंजिन दुरुस्तीसाठी बाहेर गेले होते. दुसऱ्याला धावपट्टीभोवती फिरण्यापलीकडे परवानगी नव्हती. लांबच्या आणि रात्रीच्या उड्डाणाला चालणारे तिसरे. कुंकवाने बुजलेले तेच.

दसऱ्याची पूजा संस्थेत पहिल्या वर्षापासून होती. हँगरमध्ये टेबलावर पाने, पक्कड, टॉर्क रेंच मांडत. विमानाच्या पंख्याला झेंडूचा हार घालत. नारळासाठी नियम होता. फुटलेल्या करवंटीचे तुकडे इंजिनात किंवा टायरात जाऊ नयेत म्हणून तो फाटकाबाहेर फोडायचा आणि तुकडे अ‍ॅडमिनने उचलायचे. मॅडमनी तो नियम आल्या त्या वर्षी केला होता. हार किती वेळ ठेवायचा याचाही नियम होता. लिंबू चाकाखाली न ठेवता चाकासमोर ठेवायचे, हाही. कुंकवाचा नियम नव्हता.

त्या वर्षी कॅप्टन म्हणाले, "या वेळेला लेकीच्या हातानं होऊ दे." विद्यार्थ्यांमध्ये मुलगी एकच होती. कुंकूही तिच्या वडिलांनी सांगलीहून पाठवले होते. रंगाच्या गुळगुळीत पत्र्यावर कोरडे कुंकू थांबत नाही म्हणून अ‍ॅडमिनच्या बाईंनी ते तेलात कालवून दिले. मुलीने दारापुढच्या मोकळ्या पत्र्यावर स्वस्तिक काढले. इंजिनिअरने ताट धरले होते. स्वस्तिकाच्या चार घरांत तिने चार टिंबे दिली. त्यातले एक टिंब भोकावर आले. फोटो सगळ्यांनी काढले. मीही काढला. त्यात ते दिसते.

मॅडम त्या आठवड्यात ठरलेला वार सोडून आल्या. जबाब त्यांच्या खोलीत झाले. नोंद घ्यायला मला बसवले होते. पहिली मुलगी.

"उडण्याआधी भोवती फिरलीस?"

"फिरले."

"भोक पाहिलंस?"

"पाहिलं."

"मोकळं होतं?"

"कुंकू होतं त्याच्यावर."

"मग पुसलं का नाहीस?"

"काल लावलेलं कुंकू आज कसं पुसायचं, मॅडम?"

मॅडमनी पेन खाली ठेवले. मग मला म्हणाल्या, "जसं बोलली तसंच घ्या."

इंजिनिअर आत आले तेव्हा त्यांनी प्रश्नाची वाट पाहिली नाही. "म्या बी बघितलं सकाळी. बॅटरी मारून बघितलं. म्हटलं, ऱ्हाऊ दे, वाऱ्यानं जाईल. आमच्याकडं गाडीवरचं दसऱ्याचं कुंकू दिवाळीपातूर तसंच असतंय."

"तुम्हाला माहीत होतं तिथे भोक आहे."

"मला न्हाई म्हाईत तर कुणाला म्हाईत, मॅडम?"

कॅप्टन म्हणाले की ते घाईत नव्हते. विमानाभोवती फिरणे विद्यार्थ्याचे काम असते आणि त्यांनी ते नियमाप्रमाणे तिच्यावर सोपवले होते. त्यांनीही कुंकू पाहिले होते. चढताना हात जोडले होते.

म्हणजे तीन जणांनी पाहिले आणि तिघांनी राहू दिले. मॅडमच्या अहवालात कोणालाही दोषी धरले नव्हते. विमान वाहतुकीत अहवाल दोष ठरवण्यासाठी नसतो, पुन्हा घडू नये यासाठी असतो. अहवालाचा निष्कर्ष एका ओळीचा होता : पूजेनंतर विमान पुसण्याचे काम कोणत्याही विभागाकडे नाही. उपायही एका ओळीचा : ते काम एका विभागाकडे द्यावे आणि पुस्तिकेत तसे लिहावे. तोपर्यंत विमान उडवू नये.

भोक विमान उतरले त्याच दिवशी दुपारी साफ झाले होते. नळ्या तपासून झाल्या होत्या. विमान उडण्यास योग्य असल्याची इंजिनिअरिंगची सहीही झाली होती. राहिले होते ते एक वाक्य, आणि ते लिहिणे माझ्याकडे आले. "दोन दिवसांचं काम आहे," मॅडम म्हणाल्या. मलाही तसेच वाटले.

पहिला मसुदा मी त्याच संध्याकाळी दिला. पूजेनंतर विमान स्वच्छ पुसून घेतले जाईल, असे त्यात होते. मॅडमनी समासात एकच शब्द लिहून परत पाठवला : कोण?

दुसऱ्या मसुद्यात मी इंजिनिअरिंग लिहिले आणि हँगरमध्ये गेलो. इंजिनिअर चहा पीत होते. त्यांनी कागद वाचला आणि बशीखाली ठेवला.

"ह्ये न्हाई व्हायचं."

"का?"

"आमी विमानाला हात लावला की त्याची नोंद. नोंद आली की सही. मग पूजा म्हंजे दुरुस्ती झाली का? उद्या सरकारचा माणूस तपासणीला आल्यावर इचारल, ही कसली दुरुस्ती? म्हणू काय, कुंकू उतरवलं?"

लेखी उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशी दिले. धार्मिक कार्यक्रम हा देखभालीच्या व्याख्येत येत नाही, असे त्यात होते. ते बरोबर होते. मी व्याख्या तपासली.

तिसऱ्या मसुद्यात उड्डाण विभाग होता. कॅप्टननी तो उभ्यानेच वाचला.

"म्हणजे सकाळी जो पहिला उडणार, त्यानं पुसायचं?"

"हो."

"म्हणजे विद्यार्थ्यानं."

"तसंच होतं."

"मी कुणाच्या पोरीला कुंकू पूस म्हणून लिहून देणार नाही." कागद परत माझ्या हातात आला. त्यांचे लेखी उत्तर मात्र वेगळे होते. उड्डाणपूर्व पाहणी ही फक्त पाहणी असून तिच्यात स्वच्छतेचा समावेश नाही, असे ते होते. तेही बरोबर होते.

ऑपरेशन्स विमानाला हात लावत नाही. स्टोअर कुलपाबाहेर येत नाही. झाडलोट करणाऱ्या ठेक्याच्या माणसांना विमानाजवळ जाण्याची परवानगी नाही. अ‍ॅडमिनच्या बाई सातारच्या होत्या, पूजेची सगळी तयारी त्याच करत. त्यांना मी विचारले, नारळाचे तुकडे तुम्ही उचलता, मग हेही का नको? त्या म्हणाल्या, "सण आमचा, विमान तुमचं." थोड्या वेळाने त्यांनी दार लोटले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आवं, माझे मिस्टर घाटातनं रोज गाडी चालवतात. मी कुठल्या गाडीचं कुंकू पुसणार नाही. हे लिहू नका."

मी लिहिले नाही. त्यांच्या विभागाचे लेखी कारण कर्मचारीसंख्या अपुरी, असे आले.

मी दस्तऐवज विभागाचे नाव घालून चौथा मसुदा केला. मॅडमनी तो स्वतःशीच मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, "तुम्हाला विमानाला हात लावायचा अधिकार नाही. तुम्ही पुसलंत आणि भोकात चिंधीचा धागा राहिला तर?"

"मग तुम्हीच सांगा."

"मी सांगू शकत नाही. मी काम वाटून दिलं तर ते झालं की नाही हे तपासायचं कोणी? क्वालिटी स्वतःला काम देत नाही." त्या पुढे म्हणाल्या, "आणि मी हे हट्टानं करत नाही. ज्या कामाला विभाग नसतो ते काम होत नाही. नारळाचं झालं, कारण लिहिलं. कुंकवाचं राहिलं, कारण लिहिलं नव्हतं. मी विमान सोडलं आणि पुढच्या वर्षी कोणी एकटं वर गेलं तर?"



दिवाळी झाली. उसाची तोड सुरू झाली. धावपट्टीच्या कडेने ट्रॅक्टर जाऊ लागले. मुलगी रोज येई. दुसऱ्या विमानावर धावपट्टीभोवती फेऱ्या मारण्याची तिला आता गरज नव्हती, त्यामुळे तिचे नाव रोजच्या उड्डाणांच्या फळ्यावर नसे. ती ऑपरेशन्सच्या बाकावर बसे, नकाशे काढी, लांबच्या उड्डाणाची आखणी पुन्हा करी. वाऱ्याचे आकडे रोज वेगळे, म्हणून आखणीही रोज नवी, कालची फाडून. मग माझ्या खोलीच्या दारात येऊन विचारी, "काका, वाक्य झालं का?"

"नाही अजून."

"कुठवर आलंय?"

"इंजिनिअरिंगकडं परत गेलंय."

एकदा ती आत येऊन बसली आणि म्हणाली, "माझं नाव लिहा. मी पुसते. दर दसऱ्याला येईन, परवाना मिळाला तरी येईन."

"नाव लिहीत नाहीत. पद लिहितात."

"मग विद्यार्थी लिहा."

"विद्यार्थी हे पद नाही."

ती हसली. "मग मी इथं काय आहे?"

मी पुस्तिकेतले जबाबदाऱ्यांचे प्रकरण उघडून पाहिले. विद्यार्थी हा शब्द त्यात अनेकदा होता. विद्यार्थ्याचे वेळापत्रक ऑपरेशन्सकडे, प्रगती उड्डाण विभागाकडे, तक्रार क्वालिटीकडे, शुल्क अ‍ॅडमिनकडे. मुदत कोणाकडे हे कुठेही नव्हते.

नोव्हेंबरच्या शेवटी सगळ्यांची एकत्र बैठक झाली. संस्थेचे मालक पुण्याहून फोनवर होते. मॅडमनी विषय सांगितला. कॅप्टन इंजिनिअरकडे वळले.

"अरे गड्या, एक फडकं मारायचंय रं."

"मारा की मग तुमी."

"मी पायलट आहे."

"आन् मी काय भट हाय?"

"भट पुसत नाही, लावतो."

"मग लावणाऱ्याला बोलवा पुसायला." इंजिनिअर बोलून गेले. मुलगी दाराबाहेर बाकावर होती. तिला ऐकू गेले असावे.

फोनवरून मालकांनी विचारले की साध्या पाण्याने निघत नाही का? मॅडम म्हणाल्या, निघते, प्रश्न निघण्याचा नाही. मालक म्हणाले, मग प्रश्न कशाचा आहे? बैठकीत यावर कोणी बोलले नाही. इतिवृत्तात मी लिहिले, सविस्तर चर्चा झाली.

कुंकवाला इंग्रजीत काय म्हणायचे यावरही एक आठवडा गेला. पुस्तिकेच्या भाषेत विमानावर नको तिथे असलेली कोणतीही वस्तू म्हणजे बाह्य पदार्थ. मी तो शब्द घातला. अ‍ॅडमिनच्या बाईंनी आणि स्टोअरकीपरने हरकत घेतली. "कुंकू बाह्य पदार्थ हाय व्हय?" स्टोअरकीपर म्हणाले. "मग अंगारा काय, कचरा?" मी 'लाल भुकटी' केले. मॅडम म्हणाल्या, मग पिवळी चालेल का? हळद लावली तर? शेवटी 'पूजासाहित्य' असाच शब्द रोमन लिपीत ठेवला.

डिसेंबरात मुलीचे वडील आले. बारीक अंगाचे, टोपी घातलेले, बोटांच्या पेरांत हळद मुरलेली. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि मॅडमच्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसले.

"मॅडम, मी पुसतो की. पुढच्या दसऱ्याला मी स्वतः येतो, पुसून जातो. कुंकू माझ्याच दुकानातलं हाय."

"तुम्हाला अधिकार नाही, काका."

"लिहून घ्या माझ्याकडनं. काय झालं तर माझ्यावर."

"तसं चालत नाही."

"बरं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग असं करा. पोरीला तेवढं एक उड्डाण करू द्या. त्याला पूजा न्हाई, दसरा न्हाई. पुढचा दसरा अजून लय लांब हाय. तवर तुमी सावकाश लिहा."

मॅडमनी त्यांना हे का करता येत नाही ते समजावले. एकदा उपाय मान्य होईपर्यंत विमान थांबवल्यावर मध्येच एकासाठी सोडले तर थांबवणेच खोटे ठरते. त्यांनी ऐकून घेतले. "तुमचं बी बरोबर हाय," ते म्हणाले. जाताना माझ्या दारात थांबले. "साहेब, तुमी पेपरात होता म्हणं. पेपरात एवढा येळ लागतो का एका वाक्याला?"

"नाही."

"व्हय. पेपर दुसऱ्या दिवशी काढायचा असतो."

मुदत वाढवून मिळावी म्हणून दिल्लीला विमान वाहतूक खात्याकडे अर्ज केला. तो मीच लिहिला. उत्तर लवकर आले. अशी तरतूद नाही, असे होते. दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेत तिने चौकशी केली. तिथे रांग होती, नंबर मार्चनंतर लागणार होता. कॅप्टननी तिच्या सगळ्या तासांच्या नोंदींवर सह्या करून दिल्या, म्हणजे गेली तर अडचण नको. ती गेली नाही, कारण जाऊन उपयोग नव्हता.

जानेवारीत एक वाक्य जवळजवळ मान्य झाले. त्यात काम दोघांकडे होते. उड्डाण विभागाने कुंकू दिसल्याचे सांगायचे, इंजिनिअरिंगने ते काढायचे. इंजिनिअर तयार झाले होते, अट एवढीच की नोंदीत पुसणे हा शब्द येऊ नये, साफ करणे असा यावा. मुलीने आदल्या आठवड्यात त्यांची गाठ घेतली होती. काय बोलणे झाले ते दोघांनीही सांगितले नाही. इंजिनिअर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "घाला इंजिनिअरिंग. पोरीचं तोंड बघवंना." पानावर त्यांची सही झाली, मॅडमची झाली. उड्डाण विभागाची राहिली. त्या सोमवारी कॅप्टननी राजीनामा दिला होता. त्यांना एका मोठ्या संस्थेत बोलावणे आले होते, आणि ते खरे होते. त्यांनी राजीनामा दिला त्याच क्षणी पुस्तिकेवर सही करण्याचा अधिकार संपला होता, हे त्यांनाही माहीत नव्हते. मॅडमनी नियम काढून दाखवला.

"जाता जाता करतो की सही," कॅप्टन म्हणाले. "पेन द्या."

"तुमची सही आता चालत नाही."

कॅप्टन खिडकीतून विमानाकडे पाहत उभे राहिले. मुलगी फळ्याजवळ होती. ते तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "सॉरी, बेटा." ती म्हणाली, "असू दे, सर."

मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली. रिकाम्या जागेवर प्रभारी नेमायचा तर त्याला वरून मान्यता लागते. मान्यता येईपर्यंत उड्डाण विभाग कागदावर होता, पण त्याच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा असा गेला. ऑपरेशन्सच्या बाकावर मुलगी तरीही येऊन बसे. आखणीचे कागद ती आता फाडत नव्हती, घडी करून पिशवीत ठेवत होती. माझ्या दारात येऊन विचारणे तिने थांबवले होते. मी जाताना दिसलो तर मान हलवी, मीही हलवत असे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मालकांनी फोनवर निर्णय दिला. विमानावर यापुढे कोणतेही पूजासाहित्य लावू नये. पूजा फक्त हत्यारांची करावी, तीही टेबलावर. या वाक्यात कोणत्याही विभागाला काम नव्हते, त्यामुळे कोणाचीच हरकत आली नाही. मालकांचीच सही पुरत होती. ते पान मी त्याच दिवशी तयार केले. मान्यतेसाठी ते बाहेर, त्या खात्याकडे पाठवावे लागते. बाहेर गेलेले पान किती दिवसांत परत येईल हे कोणत्याही विभागाच्या हातात नसते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती नेहमीच्या एसटीने आली. दुपारपर्यंत बसली. डबा खाल्ला. ऑपरेशन्सच्या माणसाने तिला विचारले की उद्या नाव लावू का फळ्यावर. ती म्हणाली, "कशाला?" मग तिने कपाटातली आपली हेडफोनची पेटी घेतली, हजेरीच्या वहीत जाण्याची वेळ लिहिली आणि गेली. इंजिनिअर त्या वेळी हँगरमध्ये होते. ते बाहेर आले नाहीत.

मान्य झालेले पान मार्चच्या मध्याला परत आले. तोवर विमानाची ठरावीक मुदतीची तपासणी जवळ आली होती, ती करून घेतली. एप्रिलमध्ये नवे मुख्य प्रशिक्षक रुजू झाले. त्याच आठवड्यात विमान उडाले. पहिले लांबचे उड्डाण दुसऱ्या एका विद्यार्थ्याने केले. प्रकरण क्वालिटीच्या खोलीत बंद झाले. बंद झाल्याचे पत्र सेफ्टीच्या खोलीला गेले.

मे महिन्यात मी मिरजेला एका नातेवाइकाच्या तपासण्यांसाठी गेलो होतो. रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीत ती होती. तिने मला ओळखले. "काका, कुणाला घेऊन आलाय?" असे विचारले, नाव आणि वय लिहून घेतले आणि कोणत्या मजल्यावर जायचे ते सांगितले. रांग मोठी होती. मागचा माणूस पुढे सरकला. परत येताना मी खिडकीपाशी थांबलो आणि पुढच्या लेखी परीक्षेचे विचारले. ती म्हणाली, "बघू."

त्या परीक्षेचे अर्ज जूनमध्ये बंद झाले. तिने अर्ज भरला नव्हता.